कोरड्या तलावातलं इंजिन

आमचं एक विमान तलावात उतरल्याची बातमी मला सगळ्यात आधी दिली ती माझ्या मावशीने. मे महिना होता. मी हँगरमध्ये दुसऱ्या एका विमानाच्या चाकाशी बसले होते. हात ग्रीसने भरलेले, म्हणून फोन खांद्यात दाबून धरला.

"बाई, तुमचं इमान पडलं वो आमच्या तलावात!" मावशी धापा टाकत होती.

"माणसं कशी हायेत, मावशी? माणसं?"

"माणसं उतरली खाली, चांगली हायेत. एक पिकल्या केसाचा बुवा हाये अन् एक पोट्टी. पण आमाले कोणी इचारून राहिलं काय, आमी मेलो का वाचलो तं?"

हँगरमध्ये तोवर कुणालाच काही माहीत नव्हतं. थोड्या वेळाने आमच्या प्रमुखांच्या खोलीतला फोन वाजला आणि मग धावपळ सुरू झाली.

मी विमानाच्या इंजिनांची देखभाल करते. त्या काळी मी शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर, वैमानिक घडवणाऱ्या एका लहानशा संस्थेत होते. आमचा भंडारा जिल्हा फुटायच्या आधी तो भाग त्यातच होता. माझ्या आईच्या लेखी मी तेव्हाही 'आपल्याच जिल्ह्यात' नोकरीला होते. आजोळ आंधळगावच्या पुढे, डोंगराच्या बाजूला. तिथला गावतलाव उन्हाळ्यात आटतो आणि मग त्यातला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम निघतं. मावशी दरवर्षी त्या कामावर जायची. आमचं विमान उतरलं ते त्याच तलावाच्या पोटात.

जीपमध्ये मी आणि आमचा एक जुना मेकॅनिक असे दोघेच होतो. तो फारसा बोलणारा नव्हता. जाताना मनात एकच हिशोब चालला होता. फोनवर कळलं होतं की तेलाचा दाब गेला. म्हणजे तेल कुठून तरी बाहेर गेलं. पण दाब गेल्यावर इंजिन किती वेळ फिरत राहिलं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, सारा गाव जमला होता. एक पोलीस शिपाई काठी आडवी धरून लोकांना मागे सारत होता. विमान तलावाच्या पलीकडच्या टोकाला होतं. पुढचं चाक ढेकळांत रुतलेलं, पण पंखा जमिनीला लागलेला नव्हता. पांढऱ्या पोटावर नाकापासून शेपटीपर्यंत तेलाचा काळा ओघळ होता आणि त्यावर गाळाची धूळ चिकटून पापडी झाली होती.

वैमानिक पाळीवरच्या आंब्याखाली बसले होते. पन्नाशी ओलांडलेले, शिकवण्यात फार शांत म्हणून नावाजलेले. त्यांच्याबरोबरची शिकाऊ मुलगी सरपंचांच्या घरी पाणी प्यायला गेली होती. मला पाहून ते उठले.

"काय झालं, सर?"

"आंबागडाचा डोंगर डावीकडे ठेवून परत वळत होतो. तेलाची सुई उतरायला लागली. पॉवर कमी केली, जागा शोधली, उतरलो."

"बस?"

"बस," ते म्हणाले आणि परत खाली बसले.

मी इंजिनाचं झाकण काढलं. तेल मोजायची पट्टी बाहेर काढली तर कोरडी. पुसून पुन्हा घातली, पुन्हा कोरडी. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणारा रबरी पाइप आवरणाच्या आतल्या बाजूला फुटला होता. बाहेरून आवरण धडधाकट, आत भेग. पाइपची मुदत संपली नव्हती. कुणाच्या नजरेला दिसावी अशी ती भेगच नव्हती. एखाद्याला दोष देता आला असता तर मला त्या दिवशी हलकं वाटलं असतं.

विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या कार्यालयाला कळवून झालं होतं. त्यांनी फोटो मागवले आणि इंजिन तपासायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही कामाला लागलो.

इंजिनाच्या आत एक जाड दांडा फिरतो आणि तो बेअरिंगांच्या कुशीत बसलेला असतो. बेअरिंगवर मऊ धातूचा पातळ थर असतो. पण दांडा त्या थराला टेकत नाही, मध्ये तेलाची पातळ साय असते आणि तो तिच्यावर तरंगत फिरतो. तेल गेलं की धातू धातूला भिडतो. मग मऊ थर आधी पुसला जातो, नंतर वितळतो, आणि शेवटी दांडा जागच्या जागी आवळला जातो. सगळी वाट पुरी झाली तर आंधळ्यालाही कळतं. भीती असते ती अर्ध्या वाटेची. अर्ध्या वाटेवरचं इंजिन बाहेरून निरोगी दिसतं.

आम्ही सगळे प्लग काढले आणि पंखा हाताने फिरवला. सावकाश, एकेक पातं धरून, कान लावून. कुठे अडकत नव्हता, खरखर नव्हती. आतल्या भिंती बघायला बारीक कॅमेरा घातला, ओरखडे दिसले नाहीत. मग तेलाचा फिल्टर काढून कापला. आतल्या कागदाच्या घड्या उलगडून वर्तमानपत्रावर पसरल्या, बोटाने चाचपल्या, वरून चुंबक फिरवलं. बेअरिंग झिजलं की इथे चमचमणारे कण सापडतात. बेअरिंगचा मऊ धातू चुंबकाला चिकटत नाही, म्हणून आम्ही घडी न् घडी उन्हात धरून डोळ्यांनीही पाहिली. एकही कण नाही.

मेकॅनिकने हात पुसले. "काहीच नाही, मॅडम."

"हो ना. काहीच नाही," मी म्हणाले, आणि तेलाची कोरडी पट्टी पुन्हा हातात घेतली.

प्रमुखांचा फोन आला तेव्हा मी जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा आवाज खुलला.

"मग नवीन पाइप लावा, तेल भरा, जमिनीवर इंजिन चालवून बघा. तलावाचा तळ टणक आहे म्हणतात. मी स्वतः येतो आणि उडवून आणतो. एकटाच बसेन."

"सर, फिल्टरमधून शेवटी तेलच गेलं नसेल, तर त्यात कण कुठून येणार? कण तेलाबरोबर बाहेर गेले असतील, नाहीतर आतच पडले असतील."

"दाब शून्यावर गेला होता असं कॅप्टन म्हणाले का?"

"नाही म्हणाले."

"मग तुम्ही का म्हणताय?"

प्रमुख वाईट माणूस नव्हते. संस्थेकडे मोजकी विमानं, मुलांचे उड्डाणाचे तास रखडलेले, पालकांचे फोन. विमान सुटं करून ट्रकवर लादायचं म्हणजे ते किती महिने जमिनीवर राहील याचा भरवसा नव्हता. आणि ते दुसऱ्या कुणाला पाठवत नव्हते, स्वतः बसायला तयार होते. नियम मात्र सरळ होता. तेलाचा दाब गेल्यावर इंजिन चाललं असेल तर ते उतरवायचं आणि पूर्ण उघडायचं, फिल्टर कितीही स्वच्छ असो. दाब गेल्याबरोबर बंद केलं असेल किंवा दाब पुरता गेलाच नसेल, तर माझ्या सहीवर ते उडू शकत होतं. सगळं कॅप्टनच्या शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि कॅप्टनने मला चार शब्द दिले होते.

दुपारी मावशीने जेवायला घरी बोलावलं. काम बंद ठेवलं होतं म्हणून तिच्या सोबतच्या दोघी-तिघी बाया ओसरीवर बसल्या होत्या. एकीचं मनगट सुजून फडक्यात बांधलेलं. मावशी माझ्यापुढे भात वाढून समोरच बसली. तिचा राग उतरलेला नव्हता.

"तुमचा तो बुवा आमाले मारतच होता वो. आमी खड्ड्यात होतो, गाळ भरून राहिलो होतो. काहीच आवाज नाही. भुरभुर फक्त, पाखरासारखी. मी घमेलं घेऊन वर आली अन् पाहतो तं सामने इमान! तोंडावर!"

"मग?"

"मंग काय, एकदम असा घुंगाट झाला का कानाचे पडदे फाटले. डोक्स्यावरून गेलं. मी घमेल्यासकट उलटी पडली. हिचा हात पाहा. हे गाळात तोंड घालून पडली." तिने सुजलेल्या मनगटाकडे बोट दाखवलं. "चुपचाप येऊन राहिला होता तं चुपचाप जाते. आमाले पाहून कायले असा गरजला?"

माझा घास हातातच राहिला.

"मावशी, आवाज आधी नव्हता? तुले दिसल्यावर झाला?"

"हव. मी वर आली, तवाच. अन् मंग पार तिकडच्या पाळीपर्यंत तो आवाज होता."

तो आवाज म्हणजे पूर्ण पॉवर होती. खड्ड्यातून बाई वर आलेली दिसताच कॅप्टनने इंजिनाला होतं नव्हतं ते सगळं द्यायला लावलं होतं, बायांच्या डोक्यांवरून विमान उचलायला. इंजिनात तेल नसताना. विश्रांतीच्या वेगात, म्हणजे आयडलला, कोरडं इंजिन थोडंफार तग धरतं. पूर्ण जोरात ते स्वतःलाच खातं.

मी हात धुतले आणि पाळीकडे निघाले. मावशी मागून ओरडली, "भात तं खाय!"

कॅप्टन त्याच आंब्याखाली होते. तुमसरच्या विश्रामगृहावर झोपायची सोय केली होती, पण सकाळ होताच ते पुन्हा इथे येऊन बसले होते, जणू विमानाला एकटं ठेवायला त्यांचं मन धजत नव्हतं. मी शेजारी बसले.

"सर, तुम्ही उतरताना पॉवर दिली होती."

पाळीवरून शेळ्या जात होत्या, त्या गेल्या.

"कुणी सांगितलं?"

"ज्यांच्या डोक्यावरून गेलात त्यांनी. त्यातली एक माझी मावशी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

"लागलं का कुणाला?"

"एकीचं मनगट मुरगळलंय. बाकी ठीक आहेत."

"वरून तलाव रिकामा दिसला होता," ते म्हणाले. "गाळाचे ढीग दिसले, ते मला मातीचेच वाटले. मागे माणसं असतील हे डोक्यात आलं नाही. सुई तेव्हा तळाला होती. पॉवर कमी ठेवून तरंगत येत होतो. आणि अचानक एक बाई उभी राहिली, डोक्यावर घमेलं. माझ्या हाताने पॉवर दिली. विचार करून नाही दिली."

"म्हणजे दाब शून्य असताना."

"शून्य असताना. किती वेळ ते मला विचारू नका. मला ते खूप लांब वाटलं, पण तसं वाटतंच." ते थांबले. "आणि खरं सांगू? पॉवर दिली नसती तरी कदाचित त्यांच्या वरूनच गेलो असतो. उंची पुरली असती कदाचित. कालपासून तेच आठवतोय. प्रत्येक वेळी उंची वेगळी आठवते."

"काल मला हे का नाही सांगितलंत?"

"प्रमुखांचा फोन आला होता. तेलाचा दाब उतरायला लागताच इंजिन आयडलला आणलं आणि तसंच उतरलो, एवढंच म्हणा, असं ते म्हणाले. ते खोटं नाही. अर्धं आहे. उरलेलं सांगितलं तर इंजिन उघडावं लागेल, ते एक. पण ते सांगताना हेही सांगावं लागेल की मी माणसं काम करत असलेल्या जागी विमान उतरवलं. या वयात दर वेळी डॉक्टरांच्या तपासणीतून कसाबसा पुढे जातो. एक शेरा पुरतो, मॅडम."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. ते गप्प राहिले असते आणि मी मावशीकडे जेवायला गेले नसते, तर त्याच इंजिनावर सही करून मी प्रमुखांना आंधळगावच्या घरांवरून उडवलं असतं. ते त्यांना कळत होतं. त्यांना कळतंय हे मला दिसत होतं.

"मी काय लिहू, सर?" मी विचारलं.

ते म्हणाले, "जे झालं ते लिहा. मीही तेच लिहीन. उद्या ते त्या विमानात बसतील आणि मी इथे आंब्याखाली बसून बघत राहीन, हे नाही जमणार मला."

त्याच वेळी मावशी पाळीवरून येताना दिसली. मी जेवण टाकून गेले म्हणून डब्यात भात-वरण घेऊन आली होती. मी तिला थोडक्यात सांगितलं, की हा गरजला तो तुम्हाला वाचवायलाच गरजला. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग कॅप्टनसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी आमाले पाह्यलं होतं काय?"

कॅप्टन उभे राहिले. "पाहिलं, बाई. पण उशिरा पाहिलं."

"घमेलं होतं ते मीच."

"हो," ते म्हणाले.

मावशीने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जेवले काय?"

त्यांनी मान हलवली, नाही.

तिने डबा त्यांच्या हातात दिला, माझ्या नाही. "घ्या. अन् पुढच्या खेपेले आधी पाहत जा."

प्रमुखांना मी फोन केला. इंजिन उतरवावं लागेल, सही करणार नाही. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे कॅप्टननी सांगितलं," एवढंच म्हणाले. आणि थोडं थांबून, "तुम्हाला कळतंय ना, त्या माणसाचं काय होईल?" मी म्हणाले, कळतंय. खरं तर तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

पुढे विमानाचे पंख सुटे करून, सगळं बांधून ट्रकवर चढवलं. ट्रक तलावातून बाहेर काढायला गावातले दोन ट्रॅक्टर लागले. रस्त्याच्या तारा वर उचलायला वीज खात्याचा माणूस पुढे चालत होता. शाळेला सुट्टी, म्हणून सगळी पोरं मागे. मी ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून राहिले.

इंजिन दूरच्या शहरातल्या दुरुस्ती कारखान्यात गेलं. ते उघडलं तेव्हा पाऊस सुरू होऊन धानाची रोवणी चालली होती. मी तिथे गेले होते. कारखान्यातल्या माणसाने बेअरिंगच्या अर्ध्या वाट्या पांढऱ्या कापडावर ओळीने मांडल्या होत्या. बहुतेक चांगल्या होत्या. दोन वाट्यांवरचा मऊ थर एका बाजूला ओढला गेला होता, ओल्या भिंतीवरून कुणी तळवा फिरवावा तसा. दांडा मात्र मापात होता, तापून निळा पडलेला नव्हता.

"उडालं असतं का हे?" मी विचारलं.

त्याने एक वाटी उचलून उजेडात धरली. "तेल भरून? सुरू तर झालं असतं. तुमच्या धावपट्टीपर्यंत पोचलं असतं का, ते मी नाही सांगू शकत. पोचलं असतंही. किंवा वर चढतानाच दोन्हीपैकी एक गेली असती."

मी परत आल्यावर प्रमुखांनी फोटो पाहिले, बराच वेळ पाहिले. "म्हणजे पोचलं असतंही," ते म्हणाले. मी म्हणाले, हो, पोचलं असतंही. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही. ते माझ्याशी वाईट वागले नाहीत, पण चहाला बोलावायचं त्यांनी सोडलं.

कॅप्टनच्या बाबतीत चौकशी झाली. तेलाच्या पाइपबद्दल त्यांना दोष नव्हता, उतरायच्या जागेबद्दल मात्र शेरा आला. परवाना गेला नाही. पण वर्षअखेर त्यांचा करार संस्थेने पुढे वाढवला नाही, आणि या वयाच्या शिक्षकाला दुसरीकडे कोण घेतं? ते गावी परत निघाले तेव्हा त्यांना स्टेशनवर सोडायला मी गेले. दुसरं कुणी आलं नव्हतं.

गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी बेअरिंगबद्दल विचारलं, मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे विमान तसंच आणता आलं असतं," ते म्हणाले.

"कदाचित."

"आणि मी पॉवर दिली नसती तरी त्यांच्या वरून गेलो असतो."

"कदाचित, सर."

ते हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "दोन कदाचित. आणि दोन्ही मला रोज सकाळी भेटतात."

मला म्हणायचं होतं की मावशी जिवंत आहे, तिची मनगट मुरगळलेली मैत्रीणही त्याच पावसाळ्यात रोवणीला गेली, प्रमुख रोज त्याच धावपट्टीवरून उडतात. या तिन्ही गोष्टींत कदाचित नाही. मी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात गाडीची घोषणा झाली आणि ते सामान उचलायला वाकले. एक पिशवी मी घेतली. डब्यात गर्दी होती. त्यांना दाराजवळ उभं राहावं लागलं. मी खालून पिशवी वर दिली. गाडी हलली तेव्हा ते एका म्हाताऱ्या बाईचं गाठोडं फळीवर चढवत होते आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती.